डुकरिणीच्या कानावरचा दाखला

"एका दुपारचं काम आहे," असं डेल्बर्ट ऑकरमन म्हणाला तेव्हा मार्च महिना होता. हे वाक्य जगात ज्यांनी ज्यांनी उच्चारलं त्यांचं पुढे काय झालं याची नोंद कुणी ठेवलेली नाही, कारण ते सगळे अजून त्याच कामात आहेत.

काम असं होतं. दर ऑगस्टात आयोवातल्या न्यू कॉरिंथ गावात जुन्या वसाहतकऱ्यांचा मेळावा भरतो. मेळाव्यात मिरवणूक निघते आणि मिरवणुकीच्या सर्वांत पुढे ट्रॅक्टरला जोडलेली एक गवताची गाडी असते. गाडीवर बारा खुर्च्या. मॅरबरी काउंटीत सर्वांत आधी येऊन वसलेल्या घराण्यांची माणसं त्या खुर्च्यांवर बसतात आणि फुटपाथवर उभ्या असलेल्या, नंतर येऊन वसलेल्या घराण्यांना हात हलवून दाखवतात. (त्या सगळ्यांच्या आधी कित्येक पिढ्या मेस्क्वाकी हे आदिवासी लोक याच नदीकाठी राहत होते, पण गाडीवर त्यांची खुर्ची नव्हती आणि अर्जावर रकाना नव्हता. समितीला कुणी विचारलं की "ते वेगळं" असं उत्तर मिळे आणि विषय खोबऱ्याच्या केककडे वळे.)

डेल्बर्टचे वडील ओरिन ऑकरमन, वय अठ्ठ्याऐंशी, गेली एकेचाळीस वर्षं तिसऱ्या खुर्चीवर बसत होते. पहिली खुर्ची मिस मॉरीन थिसलवुड यांची. दुसऱ्या खुर्चीवर त्यांची पर्स बसे.

आणि यंदा मार्चमध्ये गावच्या साप्ताहिकात सूचना आली: 'पहिल्या गाडीवर फक्त त्याच घराण्यांना बसता येईल, ज्यांचा मूळपुरुष ३१ डिसेंबर १८५० पूर्वी मॅरबरी काउंटीत राहत असल्याचं त्या काळच्या कागदाने सिद्ध होईल. खुर्च्या आगमनाच्या तारखेप्रमाणे. शेवटची मुदत १ ऑगस्ट. मॉरीन थिसलवुड, अध्यक्षा, पूर्वज समिती.'

"कागद?" ओरिन म्हणाले. "एकेचाळीस वर्षं मी काय विनातिकीट बसलो होतो?"

"बाबा, नियम आहे."

"मग मी त्या दिवशी बाहेरगावी जाईन."

"कुठे?"

ओरिननी विचार केला. अठ्ठ्याऐंशी वर्षांत ते दोनदा बाहेरगावी गेले होते. एकदा सैन्यात आणि एकदा चुकीच्या बसमध्ये बसून. "जाईन कुठेतरी. पण घडीची खुर्ची घेऊन फुटपाथवर बसणार नाही आणि त्या मॉरीनला खालून हात हलवणार नाही. मी वरून हात हलवणारा माणूस आहे."

मग ते खालच्या आवाजात म्हणाले, "शेत विकून चाळीस वर्षं झाली, डेल. गोठा त्यांनी पाडला. घराच्या जागी मका लावला. आपण इथे अठराशे सत्तेचाळीसला आलो, हे माझ्या बापाने मला सांगितलं होतं. आता माझ्याकडे तेवढंच उरलंय."

म्हणून डेल्बर्ट ते दुपारचं वाक्य बोलला.

डेल्बर्ट गारपिटीच्या विमा कंपनीत नुकसान तपासनीस होता. तीस वर्षं तो शेतकऱ्यांच्या बांधावर उभा राहून, झोडपलेल्या मक्याकडे बघत, शांत आवाजात विचारत आला होता, "हे गारांनीच झालं कशावरून?"

"आता तुला कळेल," त्याची बायको लोर्ना म्हणाली. तिच्या आवाजातली गोडी तो बऱ्याच वर्षांनी ऐकत होता.

पहिला पुरावा घरातच होता. ऑकरमन घराण्याचं बायबल. पहिल्या पानावर जन्म, मृत्यू, लग्नं, आणि सर्वांत वर ठळक अक्षरात: 'जोनास ऑकरमन, मे १८४७ मध्ये या काउंटीत आला.' डेल्बर्टने ते उशीच्या अभ्र्यात गुंडाळून वाचनालयात नेलं. वाचनालयाच्या मागच्या खोलीत दर मंगळवारी पूर्वज समिती बसे. समितीत तिघं होते. त्यांतले दोघं थिसलवुडबाईंची मान कुठल्या दिशेला हलते ते बघून आपली हलवत.

थिसलवुडबाईंनी डेल्बर्टला तिसरीत शिकवलं होतं. खरं तर तिशीपासून सत्तरीपर्यंतच्या सगळ्या गावाला त्यांनीच तिसरीत शिकवलं होतं, आणि त्यांच्यासमोर उभं राहिलं की काउंटीचा पोलीसप्रमुखसुद्धा नकळत आपली नखं तपासे.

बाईंनी भिंग काढलं. पान बघितलं. मग चष्मा काढून भिंगातून परत बघितलं.

"डेल्बर्ट, हे कशाने लिहिलंय?"

"शाईने, बाई."

"निळ्या बॉलपेनने लिहिलंय. अठराशे सत्तेचाळीस साली बॉलपेन होतं का?"

डेल्बर्टने मान खाली घातली. बाकीचे दोघं एकमेकांकडे बघून हळहळले, म्हणजे खुश झाले.

"बाबा!" घरी पोचताच डेल्बर्ट ओरडला. "बायबलमध्ये बॉलपेनने कुणी लिहिलं?"

"मी," ओरिन म्हणाले. "मूळ अक्षर फिकं पडत चाललं होतं. मी त्यावरून गिरवलं. नीटनेटकं करून ठेवलं."

"कधी?"

"एकोणीसशे त्रेसष्ट. पेन नवीन होतं."

मूळ अक्षर त्या निळ्या शाईखाली कायमचं गाडलं गेलं होतं. डेल्बर्टने आयुष्यात अनेक नुकसानं तपासली होती, पण मालाच्या मालकाने मालाची काळजी घेऊन केलेलं एवढं संपूर्ण नुकसान त्याने बघितलं नव्हतं.

मग कचेरी.

काउंटीची कचेरी १८६३ साली जळाली होती. हे सगळ्या गावाला ठाऊक होतं, कारण कचेरीतले लोक ते कुणाला विसरू देत नसत. दप्तरखान्यात डार्लीन नावाची बाई बसे. मनाने प्रेमळ, फक्त खुर्चीतून उठायला तयार नसे.

"अठराशे पन्नासच्या आधीचे जमिनीचे कागद बघायचे होते," डेल्बर्ट म्हणाला.

"आग लागली होती ना, राजा."

"जनगणनेच्या काउंटीच्या प्रती?"

"आगीत."

"माझ्या पणजोबांच्या जन्माचा दाखला? तो १८७५चा आहे."

"तोही आगीत."

"आग बारा वर्षं आधी लागली होती!"

डार्लीनने खांदे उडवले. "मोठी आग होती."

पणजोबांचा दाखला पुढे सात आठवड्यांनी एका कपाटात मिळाला. मधल्या पिढ्यांचे दाखले, लग्नाच्या नोंदी, सगळं मेअखेर जमलं. ओरिनपासून जोनासच्या मुलापर्यंतची साखळी पक्की झाली. फक्त साखळीचं शेवटचं टोक, म्हणजे खुद्द जोनास, १८५०च्या आधी कुठल्याच कागदावर उभा राहायला तयार नव्हता.

इथे शेजारी वेन्डेल प्रुइट प्रकरणात उतरला. तसा तो पहिल्या दिवसापासून कुंपणाला टेकून उभाच होता. वेन्डेलला सल्ला द्यायला विषय लागत नसे, कुंपण लागे.

"कबरीचा दगड बघितलास का?" तो म्हणाला. "अक्षरं झिजलेली असणार. तू एक काम कर, मैदा फास. खाचांत मैदा बसतो आणि अक्षर कसं डोळ्यांत भरतं बघ. माझ्या मेव्हण्याने केलंय."

वेन्डेलच्या मेव्हण्याने जगातली प्रत्येक गोष्ट केलेली होती. मेव्हण्याला मात्र कुणी बघितलं नव्हतं.

डेल्बर्ट लोर्नाची पाच पौंडांची मैद्याची पिशवी घेऊन टेकडीवरच्या स्मशानात गेला. तिथे वारा होता. आयोवात टेकडी म्हटली की वारा आलाच. टेकड्या मुळातच कमी असल्यामुळे सगळ्या वाऱ्याला त्याच वाटून घ्याव्या लागतात. डेल्बर्टने पिशवी फोडली. मैद्याने क्षणभर विचार केला आणि दगड सोडून बाकी सगळीकडे गेला.

त्याच वेळी टेकडीच्या दुसऱ्या बाजूने म्हाताऱ्या हॅलव्हर्सनची अंत्ययात्रा वर आली. पाद्रीबुवा "आणि त्याला न्यायला देवदूत येतील" इथपर्यंत पोचले असतील नसतील, तोच एका जुन्या कबरीमागून डेल्बर्ट उभा राहिला. केसांपासून बुटांपर्यंत पांढरा. वाऱ्याने त्याच्या खांद्यांवरून धूर निघत होता. त्याने, सभ्य माणूस असल्यामुळे, टोपी काढली. टोपीतून आणखी मैदा पडला.

हॅलव्हर्सनच्या विधवेने पुढे चर्चमधल्या जेवणात सगळ्यांना सांगितलं, "मला वाटलं देवाने माणूस पाठवला. बरं वाटलं गं. मग चष्मा लावून बघते तर गारपिटीच्या विम्याचा डेल्बर्ट. तेव्हा मात्र हॅलव्हर्सनची काळजी वाटली. आता हा विचारणार, मेला कशावरून!"

दगडावर शेवटी अक्षरं दिसली: 'जोनास ऑकरमन. मृत्यू १८६९. विश्रांती घेत आहे.' दगड माणूस गेल्याचं सांगत होता. आल्याबद्दल चकार शब्द नव्हता. पहाटेच्या दवाने त्या मैद्याची कणीक झाली, दोन हरणांनी येऊन तीन घराण्यांचे दगड चाटले, आणि आठवड्याभरात स्मशानाच्या फाटकावर पाटी लागली: 'येथे पीठ आणू नये.' खाली नाव नव्हतं. गरजही नव्हती.

डेल्बर्ट दुकानात शिरला की लोक मैद्याच्या फळीपुढे उभे राहू लागले.

"सोडून दे," लोर्ना जूनअखेर म्हणाली. "बाबांना आपण त्या दिवशी माझ्या बहिणीकडे नेऊ. तिच्याकडे तळं आहे."

पण बाबांनी मिरवणुकीची काळी हॅट कपाटावरून काढून खोक्यात ठेवली होती, आणि खोक्याला दोरी बांधली होती. डेल्बर्टने ती दोरीची गाठ बघितली आणि दुसऱ्या दिवशी परत डार्लीनपुढे जाऊन उभा राहिला.

"डार्लीन, आगीत जळलं नाही असं काहीच नाही का?"

डार्लीनने पहिल्यांदाच विचार केला. "एक वही आहे. डुकरांची."

त्या काळी डुकरं रानात मोकळी सोडत. ओकची फळं खाऊन ती लठ्ठ होत, आणि थंडी आली की ज्याने त्याने आपापली हाकत घरी आणायची. कुणाचं कुठलं यावरून डोकी फुटू नयेत म्हणून प्रत्येक घराण्याची डुकराच्या कानाला कापायची एक ठरलेली खूण असे, आणि ती काउंटीच्या वहीत नोंदवावी लागे. १८६३च्या आगीच्या दिवशी नेमकं कारकुनाचं स्वतःचं डुक्कर हरवलं होतं, म्हणून तो ती वही घरी घेऊन गेला होता. म्हणजे मॅरबरी काउंटीचा जो काही इतिहास वाचला तो एका डुकराने वेळेवर पळ काढल्यामुळे वाचला. त्या डुकराचा पुतळा नाही.

"दे ना मग!" डेल्बर्ट म्हणाला.

"तळघरात आहे. नाताळच्या सजावटीमागे. आणि ती सजावट आमची नाही, व्यापारी मंडळाची आहे. अध्यक्षांची सही आण, मग हलव."

व्यापारी मंडळाचे अध्यक्ष डॉ. क्विग्ली हे दातांचे डॉक्टर होते. ते म्हणाले, सही देतो, त्यात काय. पण डेल्बर्ट, तू दात शेवटचे कधी दाखवलेस? डेल्बर्टला आठवेना. डॉक्टरांना आठवत होतं. अकरा रेनडिअर आणि एक सांताक्लॉज हलवण्याची लेखी परवानगी मिळवण्यासाठी डेल्बर्ट ऑकरमनने दोन दाढा भरून घेतल्या. सही करताना डॉक्टर म्हणाले, "पूर्वज महत्त्वाचेच. पण त्यांचे दात गेले, तुझे जाऊ देऊ नकोस." डेल्बर्टला उत्तर द्यायचं होतं, पण जिभेला बधिरपणा होता.

तळघरात प्लास्टिकचे अकरा रेनडिअर एकमेकांच्या शिंगांत अडकून बसले होते. त्यांच्यामागे, सांताच्या पोटाला टेकून, वही होती. तिसऱ्याच पानावर, सुरेख तपकिरी शाईत, दोन कानांचं चित्र आणि बाजूला: '९ मे १८४७. जोनास ऑकरमनची खूण. डावा कान टोकाला छाटलेला, उजव्याला दोन चिरा.'

डेल्बर्टने सांताला मिठी मारली. तिथे दुसरं कुणी नव्हतं.

मंगळवारी समितीपुढे त्याने त्या पानाची प्रमाणित प्रत ठेवली आणि मागे सरकून उभा राहिला, जसा माणूस फटाका पेटवून सरकतो.

बाईंनी भिंगातून बघितलं. मग म्हणाल्या, "वही खरी आहे."

"हो बाई!"

"यावरून ऑकरमनचं डुक्कर इथे होतं हे सिद्ध होतं."

"हो बाई."

"ऑकरमन होता कशावरून?"

"...बाई?"

"खूण नोंदवायला शेजारी गेला असेल. जनावरं इथे चरायला सोडून हा नदीपलीकडे इलिनॉयमध्ये राहत असेल. काहीजण करायचे तसं. या पानावर 'इथे राहतो' असं कुठे लिहिलंय ते मला दाखव. गाडीवर मी डुकराला बसवू शकत नाही, डेल्बर्ट."

बाकीच्या दोघांनी माना हलवल्या. 'कशावरून' हा प्रश्न डेल्बर्टचाच होता. तीन वर्षांपूर्वी एका शेतकऱ्याच्या उद्ध्वस्त मक्यात उभं राहून तो म्हणाला होता, "गारा पडल्या हे मान्य. तुमच्याच मक्यावर पडल्या कशावरून?" त्याला भयंकर अपमान वाटला, आणि त्या अपमानाच्या तळाशी, एका कारागिराला दुसऱ्याविषयी वाटतो तसा, थोडा आदरही.

घरी येऊन त्याने ओरिन आणि लोर्नासमोर प्रत जेवणाच्या टेबलावर टाकली. ओरिननी ती ओढून घेतली. खापरपणजोबांची खूण ते पहिल्यांदाच बघत होते. बराच वेळ ते त्या दोन कानांवरून बोट फिरवत राहिले.

"डावा टोकाला छाटलेला," ते म्हणाले. "माझा बाप अशीच खूण करायचा. का, ते कधी सांगितलं नाही." मग त्यांचं बोट कडेला गेलं. "आणि हे आडवं काय लिहिलंय?"

"कुठे?"

"समासात. तुम्हा लोकांना समास बघायची सवयच नाही." ओरिननी कागद दिव्याखाली धरला. "'या खुणेवरून तंटा. पाहा, न्यायाधीश हायरम प्रुइट यांची वही, नोव्हेंबर १८४८.'"

तिघांनी एकदम खिडकीबाहेर बघितलं. कुंपणापलीकडे वेन्डेल प्रुइट गवत कापत होता.

त्या काळचा गावातला न्यायाधीश म्हणजे एखादा बऱ्यापैकी लिहिता येणारा शेतकरी. कोर्ट त्याच्या ओसरीवर भरे आणि कोर्टाची वही त्याच्या घरीच राही. हे डेल्बर्टला दप्तरखान्यात कुणीतरी सांगितलं होतं. तो कुंपणावरून उडी मारून गेला. वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी माणूस कुंपणावरून उडी मारतो तेव्हा त्याची विजार आधी पोचते की तो, हे सांगता येत नाही. विजार मागे राहिली; म्हणजे तिचा एक तुकडा.

"वेन्डेल! तुझा हायरम प्रुइट नावाचा पूर्वज होता?"

"हो तर. न्यायाधीश होता."

"त्याची वही?"

"आहे ना. गॅरेजमध्ये."

डेल्बर्टचा आवाज चिरकला. "मार्चपासून! मार्चपासून तू मला सल्ले देतोयस! मैदा फास म्हणालास! मग हे का नाही सांगितलंस?"

"तू वहीबद्दल विचारलंस कुठे?" वेन्डेल दुखावल्या आवाजात म्हणाला. "तू म्हणालास, पूर्वजांबद्दल काही सुचव. मी सुचवलं."

वही गॅरेजमधल्या मोठ्या फ्रीजरच्या एका तुटक्या पायाखाली होती. फ्रीजर तीस वर्षं त्या वहीवर उभा होता, आणि आत अर्धं डुक्कर, दोन टर्की आणि मेव्हण्याने पकडलेला म्हणून सांगितला जाणारा एक मासा होता. तारीख तीस जुलै होती. डेल्बर्ट आणि वेन्डेलने फ्रीजर उचलला, लोर्नाने वही ओढली, आणि ओरिन "पाठ वाकवू नका, गुडघे वाकवा" असं सांगत उभे राहिले. सल्ला हा शेजारधर्म आहे. वहीला एका कोपऱ्यात पायाचा खड्डा पडला होता. बाकी अक्षर न् अक्षर शाबूत.

गॅरेजमध्येच त्यांनी ते पान वाचलं. मग ओरिननी खाली बसायला बादली मागितली, बादली उलटी करून तिच्यावर बसले, आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. घरी गेल्यावर त्यांनी खोक्याची दोरी सोडली.

एकतीस तारखेला समितीची खास बैठक झाली. ओरिन स्वतः आले, हॅट घालून.

"बस, ओरिन," बाई म्हणाल्या. "पाय दुखतात का रे अजून?"

"तुझ्या पायऱ्या चढताना दुखतात, मॉरीन."

डेल्बर्टने वही टेबलावर ठेवली. "बाई, मी वाचून दाखवतो."

"दे इकडे. तुझं वाचन तिसरीतही कच्चं होतं."

त्यांनी वही ओढून घेतली, चष्मा सारखा केला आणि वर्गात वाचावं तसं, स्पष्ट, सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं वाचू लागल्या:

"'दोन नोव्हेंबर अठराशे अठ्ठेचाळीस. माझ्यासमोर, हायरम प्रुइट. फिर्यादी जोनास ऑकरमन शपथेवर सांगतो की तो मे सत्तेचाळीसपासून शुगर क्रीकच्या काठी सहकुटुंब राहतो' हं, हे राहतो म्हणाला, ठीक आहे डेल्बर्ट, 'आणि त्याची एक ठिपक्यांची डुकरीण चोरीस गेली. सदर डुकरीण आरोपी ए...'"

बाई थांबल्या. पण अडतीस वर्षं त्यांनी मुलांना सांगितलं होतं की धडा अर्धवट टाकायचा नाही. त्या पुढे वाचू लागल्या. आवाज जरासुद्धा हलला नाही. फक्त कान लाल झाले.

"'...आरोपी एझ्रा थिसलवुड याच्या कुंपणात सापडली. तिचे दोन्ही कान मुळापासून कापलेले होते. आरोपी शपथेवर सांगतो की डुकरीण त्याला बिनकानाचीच मिळाली. तो या काउंटीत येऊन पाच आठवडेच झाले असून इथल्या चालीरीती त्याला ठाऊक नाहीत. कोर्टाने विचारलं, मग कानांतून अजून रक्त का येतं? आरोपीने उत्तर दिलं नाही. कोर्टाने दोघांनाही डुकरिणीला हाक मारायला सांगितलं. थिसलवुडने हाक मारली. डुकरीण गवत खात राहिली. ऑकरमनने हाक मारली. डुकरीण धावत येऊन त्याच्या बुटांवर आडवी झाली. निकाल: डुकरीण ऑकरमनची. थिसलवुडने दोन पोती मका दंड भरावा आणि पुन्हा कुणाचे कान कापू नयेत.'"

बाकीच्या दोघांना मान कुठल्या दिशेला हलवावी ते कळेना. चौकातल्या पितळी पाटीवर 'एझ्रा थिसलवुड, या भूमीवरचा पहिला वसाहतकरी, १८४५' असं कोरलेलं होतं, आणि ती पाटी खोलीच्या खिडकीतून दिसत होती.

"हे," बाई शेवटी म्हणाल्या, "एका खाजगी घरातल्या फ्रीजरखालचं कागदपत्र आहे. समितीला ते नाकारण्याचा अधिकार आहे."

त्या क्षणी डेल्बर्टच्या आतला तीस वर्षांचा तपासनीस जागा झाला. तो शांत आवाजात म्हणाला, "जरूर. फक्त एकदा अर्ज क्रमांक एकची फाईल बघू का? नियमाप्रमाणे कुणालाही बघता येते."

अर्ज क्रमांक एक बाईंचा स्वतःचा होता. फाईलमध्ये पुरावा म्हणून एकच वस्तू होती: त्या पितळी पाटीचा फोटो. पाटी १९३६ साली बाईंच्या वडिलांनी बसवली होती.

"बाई," डेल्बर्ट हळूच म्हणाला, "हा त्या काळचा कागद नाही. एझ्रा थिसलवुड १८५०च्या आधी इथे होता कशावरून?"

"सगळ्यांना माहीत आहे!"

"डुकरीण कुणाची हेसुद्धा तेव्हा सगळ्यांना माहीत होतं, बाई. तरी कोर्ट लागलं."

बाईंनी आपली फाईल बघितली, मग वही बघितली. मॅरबरी काउंटीत एझ्रा थिसलवुड १८५०च्या आधी राहत होता असं सांगणारा जगात एकच कागद शिल्लक होता, आणि तो त्यांच्यासमोर उघडा पडला होता. तो नाकारला तर ऑकरमन जात होते, पण थिसलवुडही जात होते. स्वीकारला तर दोघंही येत होते. एक फिर्यादी म्हणून, एक आरोपी म्हणून.

ओरिन पुढे झुकले. "मॉरीन, चोर असला तरी तुझा खापरपणजोबा इथलाच होता. शपथेवर सांगतोय बिचारा."

"तू गप्प बस, ओरिन."

"आणि खोटं बोलायचं असतं तर पाच आठवडे कशाला सांगितले असते त्याने?"

बाईंनी खिडकीतून पाटीकडे बघितलं. मग त्यांनी पेन उचललं. "आमच्या घरात पंचेचाळीस म्हणतात," त्या स्वतःशीच म्हणाल्या, आणि आपल्या अर्जावरची तारीख खोडून स्वच्छ अक्षरात लिहिली: सप्टेंबर १८४८. मग ऑकरमनच्या अर्जावर सही केली. मग वर बघितलं. "डेल्बर्ट, प्रुइटांना सांग, ती वही आता फ्रीजरखाली ठेवायची नाही. वाचनालयात आणायची. इतका चांगला पुरावा मी आयुष्यात बघितला नाही." शिक्षिका ती शिक्षिकाच, गणित स्वतःच्या विरुद्ध सुटलं तरी बरोबरची खूण केल्याशिवाय तिला झोप लागत नाही.

मिरवणुकीच्या दिवशी ऊन होतं. गाडीवर पहिल्या खुर्चीत ओरिन ऑकरमन, काळी हॅट, बोटांत समितीच्या दाखल्याची सुरळी. दुसऱ्या खुर्चीत मिस मॉरीन थिसलवुड. पर्स मांडीवर, कारण तिला खुर्ची उरली नव्हती. नियम असा होता की चौकात गाडी थांबली की निवेदकाने प्रत्येक घराण्याचा पूर्वज, तारीख आणि पुरावा भोंग्यावरून वाचायचा. नियम बाईंनीच केला होता.

निवेदकाने कागद हातात घेतला. तो नवखा होता, त्याने तो आधी वाचलेला नव्हता.

"पहिलं घराणं," भोंगा गरजला. "जोनास ऑकरमन, मे अठराशे सत्तेचाळीस. पुरावा: एक ठिपक्यांची डुकरीण."

फुटपाथवर चुळबुळ झाली.

"दुसरं घराणं. एझ्रा थिसलवुड, सप्टेंबर अठराशे अठ्ठेचाळीस. पुरावा..." निवेदक अडखळला. त्याने कागद उलटा करून बघितला, परत सुलटा केला. "पुरावा: तीच डुकरीण."

हसायचं की नाही, हे ठरवायला सगळं गाव एकमेकांकडे बघत होतं आणि कुणीच कुणाला परवानगी देत नव्हतं.

तेव्हा दुसऱ्या खुर्चीतून बाई उठल्या. गाडीच्या काठाशी आल्या. त्यांनी डावीकडच्या फुटपाथवर नजर फिरवली, मग उजवीकडच्या. पोलीसप्रमुखाने नखं बघितली.

"बरोबर आहे," बाई म्हणाल्या. त्यांना भोंगा लागत नसे. "नोंद तपासलेली आहे. आता टाळ्या वाजवा. दोघांसाठी."

आणि जिला त्यांनी तिसरीत शिकवलं होतं ती सगळी काउंटी टाळ्या वाजवू लागली. मग कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले. शेतकऱ्यांच्या घोळक्यातून एकाने डुकराला बोलावतात तशी खणखणीत लांब आरोळी ठोकली, आणि चौकभर तिचे पडसाद उमटले. ओरिननी हॅट काढून हवेत धरली. ट्रॅक्टर सुरू झाला, गाडी चौकाला वळसा घालून वेशीकडे निघाली.

"ए!" ओरिन ट्रॅक्टरवाल्याला ओरडले. "कुठे चाललास? वळव परत."

"ओरिन, मिरवणूक पुढे जायची असते," बाई म्हणाल्या.

"एकशे पंचाहत्तरहून जास्त वर्षं थांबलो, मॉरीन. अजून एक फेरी."

ट्रॅक्टरवाल्याने वळवलं. मग आणखी एकदा वळवलं. बँडवाले मागून धावत आले, त्यांचं गाणं संपलं म्हणून त्यांनी ते पहिल्यापासून सुरू केलं. डेल्बर्ट, लोर्ना आणि वेन्डेल फुटपाथवरून हात हलवत होते, आणि दर फेरीला ओरिन त्यांना असा हात हलवून दाखवत होते, जणू हे लोक नुकतेच येऊन वसले आहेत आणि त्यांना धीर द्यायला हवा. तिसऱ्या फेरीला थिसलवुडबाईंनी पर्स खाली ठेवली आणि त्याही दोन्ही हात हलवू लागल्या.